२ तास, ४६ मिनिटं, ३ सेकंद

कॉम्प्युटरवाल्यांना थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन नावाचा एक विषय असतो. त्यात एक न संपणारी टेप असते, तिच्यावर पुढे-मागे सरकणारं एक हेड असतं, आणि स्टेट डायग्राम काढता काढता आपली दमछाक होते. या यंत्राला ट्युरिंग मशीन म्हणतात. बहुतेकांची ॲलन ट्युरिंगशी ओळख इथे सुरू होते आणि पेपर देऊन हॉलबाहेर आलं की संपते. माझीही तेवढीच झाली असती. पण मला पळायची आवड आहे, आणि पळणाऱ्यांविषयी वाचताना हेच नाव भलत्याच यादीत सापडलं. २३ ऑगस्ट १९४७, लफबरो, इंग्लंडची राष्ट्रीय मॅरेथॉन. ए. एम. ट्युरिंग, पाचवा क्रमांक. वेळ २ तास ४६ मिनिटं ३ सेकंद.

ज्यांनी कधी ग्राउंडवर राउंड मारले आहेत त्यांच्यासाठी हिशोब करून सांगतो. ही वेळ म्हणजे दर किलोमीटरला ३ मिनिटं ५६ सेकंद. ४०० मीटरचा एक राउंड साधारण साडेचौऱ्याण्णव सेकंदांत, आणि असे एकशे पाच राउंड, मध्ये न थांबता. मी युनिव्हर्सिटीच्या क्रॉसकंट्रीला दोनदा पळालोय, दोन्ही वेळा मधल्या घोळक्यात. त्या वेगाने मला फार तर पाच-सहा किलोमीटर जमतात, पुढे पोटात गोळा येतो. ट्युरिंग ४२ किलोमीटर पळाला, ते पस्तिसाव्या वर्षी. आणि त्या दिवसांत तो काय नोकरी करत होता? तर इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर कसा बांधायचा याचं डिझाइन!

ट्युरिंगवर सिनेमा आला, पुस्तकं आली, त्याचं एनिग्माचं काम आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ते मी थोडक्यातच सांगणार. मला लिहायचंय ते मुख्यतः त्याच्या १९४५ ते १९४७ या दोन वर्षांबद्दल. लॅब आणि पळणं एकाच माणसाच्या आयुष्यात कसं बसलं, हे त्या दोन वर्षांत नीट दिसतं.

जन्म २३ जून १९१२, लंडन. घराण्याचा संबंध मात्र थेट आपल्या देशाशी. वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी, आणि आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. आईचा जन्मही तिकडचाच, पोदनूरचा. पण मुलांना हिंदुस्थानची हवा मानवणार नाही म्हणून ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ इंग्लंडमध्येच एका कुटुंबाकडे वाढले. आईवडील येऊन-जाऊन असायचे. म्हणजे हा मुलगा लहानपणापासून तसा एकटाच.

१९२६ च्या मे महिन्यात तो शेरबोर्न नावाच्या शाळेत दाखल व्हायला निघाला. बोटीने साउदॅम्प्टनला उतरला आणि बघतो तर काय, देशभर सार्वत्रिक संप, रेल्वे बंद. वय वर्षं तेरा. दुसऱ्या कुणी घरी तार केली असती. याने सामान तिथेच ठेवलं, सायकल काढली आणि साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर दामटत शाळा गाठली. वाटेत ब्लँडफर्डला एका हॉटेलात रात्र काढली. स्थानिक पेपरात त्याची बातमीही आली.

शाळेत खेळात तो काही चमकला नाही. इंग्लिश बोर्डिंग शाळांमध्ये खेळ म्हणजे सांघिक खेळ, आणि त्यात याचं मन रमेना. बॉल अंगावर येऊ नये म्हणून आपण पळायला शिकलो, असं तो पुढे गमतीत सांगायचा. केंब्रिजला किंग्ज कॉलेजमध्ये गेल्यावर त्याने बोट वल्हवली, आणि लांब लांब एकट्याने पळायला जायची सवय लावून घेतली. १९३५ च्या उन्हाळ्यात अशाच एका लांब धावेनंतर तो ग्रँटचेस्टरच्या कुरणात आडवा पडला होता, आणि तिथेच त्याला ते टेपवालं यंत्र सुचलं, असं त्याने नंतर आपल्या जवळच्या लोकांना सांगितलं. १९३६ साली त्यावरचा पेपर आला. आपण ज्याचे स्टेट डायग्राम काढतो ते यंत्र एका दमलेल्या माणसाने गवतात पडून शोधलं आहे, हे आम्हाला कुणी वर्गात सांगितलं असतं तर निदान विषयात थोडा जीव आला असता. असो.

पुढे प्रिन्स्टनला पीएच.डी., मग महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये ब्लेचली पार्क. जर्मन नौदलाचे एनिग्मा संदेश फोडणारा विभाग त्याने उभा केला. पोलिश गणितज्ञांच्या कामावरून पुढे जाऊन बॉम्ब नावाच्या यंत्राचं डिझाइन केलं. हे सगळं तुम्ही वाचलं असेल. मला ब्लेचलीची आवडणारी गोष्ट आहे ती त्याच्या सायकलची.

त्याच्या सायकलची चेन पडायची. आपल्यापैकी कुणाची पडली तर आपण हात काळे करून ती चढवतो, आणि चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे टाकतो. ट्युरिंगच्या लक्षात आलं की चेन कधीही पडत नाही, ठराविक फेरे झाले की पडते. मग तो फेरे मोजत सायकल चालवायला लागला. आकडा जवळ आला की काहीतरी खटपट करून चेन सांभाळायची आणि पुन्हा एकपासून मोजायचं. मोजून कंटाळा आला तेव्हा त्याने सायकलला काउंटर बसवला. शेवटी मूळ सापडलं : चाकाचा एक स्पोक वाकला होता आणि चेनची एक कडी खराब होती. ती कडी आणि तो स्पोक समोरासमोर आले की चेन पडायची, आणि ते दर वेळी ठराविक फेऱ्यांनीच समोरासमोर यायचे. मेकॅनिकलवाल्यांना गिअरमधला हंटिंग टूथ आठवेल. दोन गिअरच्या दात्यांच्या संख्येत सामाईक अवयव नसला की तेच दोन दाते फार उशिराने भेटतात आणि झीज सगळीकडे वाटली जाते. गणित तेच. शिवाय एनिग्माच्या फिरणाऱ्या चाकांचं गणितही जातीने याच्याच जवळचं, त्यामुळे दिवसभर लॅबमध्ये जे करायचं तेच हा माणूस रस्त्यावर सायकल चालवताना करत होता. लोकांना हा विक्षिप्तपणा वाटायचा. तसा होताही तो विक्षिप्त. जूनमध्ये परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅस मास्क लावून सायकलवर जाणारा माणूस आणखी काय असणार?

आता १९४५. युद्ध संपलं आणि ऑक्टोबरमध्ये ट्युरिंग लंडनजवळ टेडिंग्टनला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाला. काम एकच, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचं डिझाइन. त्याने काही महिन्यांत ऑटोमॅटिक कॉम्प्युटिंग इंजिन, म्हणजे एस, या यंत्राचा आराखडा लिहून काढला. १९४६ च्या मार्चमध्ये तो लॅबच्या समितीपुढे आला. नुसत्या कल्पना नव्हत्या त्यात. सर्किट होती, प्रोग्रॅमचे नमुने होते, खर्चाचा अंदाजही होता, ११,२०० पौंड.

यातली मेमरी कशी होती ते सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण आजच्या रॅमची सवय असलेल्यांना ती जादूच वाटेल. पाच फूट लांबीची नळी घ्यायची आणि तिच्यात पारा भरायचा. एका टोकाचा क्रिस्टल विजेच्या ठोक्याचा आवाज करतो, तो आवाज पाऱ्यातून प्रवास करत दुसऱ्या टोकाला जातो, तिथला क्रिस्टल त्याची पुन्हा वीज करतो, आणि ती परत पहिल्या टोकाला आणून सोडायची. आवाजाला पाऱ्यातून जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. सेकंदाला दहा लाख ठोके सोडले तर एका नळीत एका वेळी सुमारे हजार बिट प्रवासात असतात. माहिती साठवायची म्हणजे तिला थांबवायचं नाही, सतत पळवत ठेवायचं! पाऱ्याऐवजी जिन, म्हणजे आपली पिण्याची दारू, भरली तरी चालेल असं ट्युरिंग म्हणायचा अशी एक दंतकथाही आहे. त्यातली गंमत सोडली तर पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणावर तापमानाचा परिणाम कमी होतो हा मुद्दा खराच होता.

कागदावर सगळं असं तयार. बांधायचं कुणी? लॅबकडे स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग नव्हता. पोस्ट खात्याच्या डॉलिस हिलच्या संशोधन केंद्राने काही भाग बनवायचे ठरले, पण युद्धात मोडकळीला आलेली टेलिफोन यंत्रणा दुरुस्त करण्यातून त्यांना सवड होईना. वरिष्ठांना प्रश्न पडला होता की हजारो व्हॉल्व्ह एकत्र जोडले तर ते धड चालतील तरी का. उत्तर ट्युरिंगला माहीत होतं. ब्लेचलीला कोलोसस नावाचं यंत्र दीड-दोन हजार व्हॉल्व्हवर चाललं होतं, आणि ते बांधणारा टॉमी फ्लॉवर्स त्याच डॉलिस हिलला बसलेला होता. पण दोघांवर गुप्ततेचं बंधन. तोंड उघडायचं नाही. आपलं म्हणणं सिद्ध करणारी गोष्ट प्रत्यक्ष होऊन गेलेली आहे आणि ती मीटिंगमध्ये सांगता येत नाही, याहून वाईट अवस्था मला सुचत नाही. आपल्याकडे प्रोजेक्टचा एक पार्ट वेळेवर आला नाही तर आपण गाईडच्या नावाने खडे फोडतो. हा माणूस दोन वर्षं वाट बघत होता.

दोष एकट्या लॅबचा नव्हता हेही म्हटलं पाहिजे. ट्युरिंगला माणसं सांभाळून घेणं जमत नसे. दुसऱ्याला समजेपर्यंत थांबायची तयारी नसे, आराखडा पुन्हा पुन्हा बदलायचा. चांगला डिझायनर असणं आणि काम पुढे सरकवता येणं यात फरक आहे.

आणि याच काळात तो जोरात पळायला लागला. टेडिंग्टनच्या आसपास संध्याकाळी एकटाच पळायचा. त्या भागातल्या वॉल्टन ॲथलेटिक क्लबची पोरं सरावाला निघायची, त्यांना हा वाटेत भेटायचा. भेटायचा म्हणजे दिसण्याच्या आधी ऐकू यायचा, कारण पळताना तो घशातून मोठमोठे आवाज काढायचा. स्टाइल बघाल तर शून्य. पण पोरं त्याला गाठायला जायची तोवर हा पुढे निघून गेलेला. अखेर त्यांनी त्याला विचारलं, तू कुठल्या क्लबचा? कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यांनी त्याला आपल्यात घेतलं, आणि थोड्याच दिवसांत तो त्यांचा सगळ्यात चांगला पळणारा ठरला. हा कॉम्प्युटरवाला डॉक्टर ट्युरिंग आहे हे त्यांना नंतर कळलं. १९४६ च्या अखेरीस लंडनच्या पेपरांत इलेक्ट्रॉनिक मेंदू बनवणारा धावपटू म्हणून त्याच्यावर बातम्याही आल्या.

क्लबच्या सेक्रेटरीने एकदा त्याला विचारलं की एवढं स्वतःला का पिळून काढतोस. त्याने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की नोकरीत डोक्याला इतका ताण आहे की जोरात पळाल्याशिवाय तो डोक्यातून जात नाही.

हे उत्तर सगळीकडे सांगितलं जातं, आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच थांबते : कामाचा ताण, उतारा म्हणून व्यायाम. मला ते अपुरं वाटतं. ताण घालवायला कुणी मॅरेथॉन २:४६ मध्ये पळत नाही, त्याला रोजचे पाच-सात किलोमीटर पुरतात. मला जे वाटतं ते असं. एसचं काम १९४६ भर आणि १९४७ चा अर्धा काळ कागदावरच अडकलं होतं. कितीही डोकं लावलं तरी यंत्र एका व्हॉल्व्हने पुढे सरकत नव्हतं, कारण ते दुसऱ्यांच्या हातात होतं. पळण्याचं तसं नाही. तिथे आठवडाभर मेहनत केली की घड्याळ उत्तर देतं, कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही. त्याची सगळ्यात चांगली मॅरेथॉन त्याच्या नोकरीतल्या सगळ्यात रखडलेल्या वर्षातली आहे, हा मला योगायोग वाटत नाही. अर्थात हे माझं मत झालं.

कामाच्या वेळेतही पळणं शिरलेलं होतं. टेडिंग्टनहून डॉलिस हिलला, साधारण चौदा मैल, मीटिंगसाठी तो कधी कधी पळतच जायचा असं सांगतात. घामाने थबथबलेल्या अवस्थेत व्हॉल्व्हची चर्चा! पोस्ट खात्याच्या साहेबांना काय वाटलं असेल कोण जाणे.

पण मला सगळ्यात पटलेली गोष्ट या मीटिंगपेक्षाही छोटी आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात ठरलं की ट्युरिंगने एक वर्ष रजा घेऊन केंब्रिजला जावं आणि यंत्राच्या पुढच्या शक्यतांवर, म्हणजे यंत्र शिकू शकेल का यावर, विचार करावा. लॅबचे डायरेक्टर होते सर चार्ल्स डार्विन, उत्क्रांतीवाल्या डार्विनचे नातू. पगाराचा प्रश्न निघाला तेव्हा ट्युरिंगने अर्धा पगारच पसंत केला. कारण काय, तर पूर्ण पगार घेतला तर सकाळी मनात आलं तेव्हा टेनिस खेळताना आपण खेळायला नको होतं असं वाटत राहील! डार्विन यांनी हे वरिष्ठांना पत्रात कळवलं, म्हणून आपल्याला माहीत.

मी हे वाचून बराच वेळ थांबलो होतो. आपल्याकडे खेळ आणि अभ्यास यांचा मेळ घालणं म्हणजे काय असतं? प्रॅक्टिसला गेलो की सबमिशन राहिलं म्हणून चुटपुट, जर्नल लिहीत बसलो की ग्राउंड बुडालं म्हणून चुटपुट. अटेंडन्स कुणीतरी लावतं, टर्मवर्क कुणाचं तरी बघून उतरतं. दोन्हीकडून चोरून वेळ काढायचा. ट्युरिंगने चोरी केली नाही. त्याने आपल्या मोकळ्या सकाळची किंमत काढली, अर्धा पगार, आणि ती भरली. त्याला ती भरणं परवडत होतं हेही खरं, एकटा माणूस, मागे संसार नाही, किंग्ज कॉलेजची फेलोशिप हाताशी. घरी पैसे पाठवायचे असते तर हे जमतं ना. पण व्यवहार चोख होता.

तर हे ठरल्यानंतर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, लफबरोची ती मॅरेथॉन झाली. जॅक होल्डन पहिला आला. ट्युरिंग पाचवा. पुढच्या वर्षी लंडनला ऑलिंपिक होतं आणि ब्रिटनच्या संघात जागा मिळवण्याचा विचार त्याच्या मनात होता, पण दुखापतीने ते राहिलं. १९४८ च्या त्या ऑलिंपिकची मॅरेथॉन अर्जेंटिनाच्या डेल्फो काब्रेराने २ तास ३४ मिनिटं ५१ सेकंदांत जिंकली, म्हणजे ट्युरिंगच्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं कमी. मार्ग वेगळा, दिवस वेगळा, त्यामुळे तुलना जपूनच करायची. पण अंतर एवढंच होतं. (आपले खाशाबा जाधव याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले होते.)

केंब्रिजच्या रजेत त्याने बुद्धिमान यंत्रांवर एक अहवाल लिहिला. त्यात न्यूरल नेटवर्कसारख्या जाळ्यांची कल्पना होती, आणि आज आपण सेमिनारला ज्याच्या स्लाइड बनवतो त्यातलं बरंच काही होतं. डार्विन यांना तो शाळकरी निबंध वाटला. छापून आला तो १९६८ साली, ट्युरिंग गेल्यावर चौदा वर्षांनी. १९४८ मध्ये त्याने लॅब सोडली आणि मँचेस्टरला गेला. त्याच्या मूळ आराखड्यावरून बेतलेलं छोटं यंत्र, पायलट एस, टेडिंग्टनला १० मे १९५० रोजी पहिल्यांदा चाललं. तेव्हा तो तिथे नव्हता.

मँचेस्टरला पळणं कमी झालं तरी सुटलं नाही. १९५० साली यंत्र विचार करू शकेल का यावरचा त्याचा प्रसिद्ध लेख आला, १९५१ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, आणि मग तो प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे कसे तयार होतात या गणितात शिरला.

१९५२ साली त्याच्यावर खटला झाला. त्याचे एका पुरुषाशी संबंध होते आणि इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. तुरुंग किंवा हार्मोनचं औषध, दोन्हीतलं एक निवडायचं होतं. त्याने औषध निवडलं, म्हणजे काम चालू राहील. वर्षभर त्याला स्त्रियांचं हार्मोन दिलं गेलं आणि त्याने शरीर बदललं. रस्त्यावर मैलोन् मैल पळून जे शरीर त्याने स्वतः घडवलं होतं, त्याचं काय करायचं ते आता कोर्ट ठरवत होतं. याबद्दल लिहिताना मला शब्द सापडत नाहीत, म्हणून पुढे जातो. सरकारी गुप्त कामाची परवानगीही काढून घेतली गेली. ७ जून १९५४ ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला, वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला.

इंग्लंडने तो कायदा १९६७ मध्ये सैल केला. त्याच इंग्रजांनी आपल्याकडे लिहून ठेवलेलं ३७७ कलम मोठ्या माणसांच्या खाजगी संबंधांपुरतं रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. ट्युरिंगची ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये जाहीर माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्याला माफी दिली. त्याच्या नावाचा पुरस्कार मात्र अमेरिकेची कॉम्प्युटर संघटना १९६६ पासूनच देते आहे. १९७० साली तो मिळाला जिम विल्किन्सन यांना, टेडिंग्टनला ट्युरिंगच्या हाताखाली काम केलेले आणि पायलट एस चालू करून दाखवणाऱ्यांपैकी एक.

२३ जून २०२१ ला ब्रिटनची ५० पौंडांची नवी नोट आली, तिच्यावर ट्युरिंगचा फोटो आहे. मागे १९३६ च्या पेपरातली गणितं आहेत, बॉम्ब यंत्राचे आराखडे आहेत, पायलट एसही आहे. पळण्याचं काहीच नाही. त्यासाठी १९४६ चा एक फोटो बघावा लागतो : हाफ पँट, केस विस्कटलेले, चेहरा वेडावाकडा झालेला, आणि एक पाय जमिनीवरून सुटलेला.